कोणतं तेल घातलंस?

डायलिसिसहून परतताना अण्णांना गाडीत झोप लागायची, आणि त्यांच्या सुनेला तेवढीच काय ती शांतता मिळायची. अर्धा दिवस त्या मशीनला जोडून घेतल्यावर माणूस पिळून टाकलेल्या फडक्यासारखा होतो. अण्णांची मान खिडकीकडे कलायची, पट्टी बांधलेला हात मांडीवर उताणा पडायचा, तोंड जरासं उघडं राहायचं. ती रेडिओसुद्धा लावायची नाही. आठवड्यातून तीनदा हाच रस्ता, हेच सिग्नल, वाटेत तेच कुलूप लागलेलं फर्निचरचं दुकान. हात आपोआप गिअर टाकायचे आणि डोकं कारखान्यात राहिलेल्या कामाकडे धावायचं. ती पडदे शिवायच्या कारखान्यात होती. कुठल्याशा हॉटेलची मोठी ऑर्डर आली होती, जाड कापडाचे, आतून अस्तर लावलेले पडदे, आणि मालकिणीनं कालच बोलून दाखवलं होतं, "येतेस तेव्हा दोघींचं काम करतेस, कबूल. पण येतेस कधी?"

त्या दिवशी एका वळणावर स्टिअरिंगमागच्या काट्यांशेजारी बारीक लाल दिवा लागला आणि विझला. पुढच्या वळणावर पुन्हा लागला. तिनं काणाडोळा केला. ज्या गोष्टीकडे बघितलं की काम वाढतं, तिच्याकडे न बघायची सवय तिला हल्ली लागली होती. पण पुढं तो लागला तो विझायचं नाव घेईना, तेव्हा ती स्वतःशीच पुटपुटली, "ही किटली कशाला पेटलीय आता?"

"कसली किटली?" अण्णांनी डोळे न उघडता विचारलं.

"काही नाही अण्णा, झोपा तुम्ही. इथं लाल किटलीचं चित्र लागलंय."

अण्णा खाडकन ताठ बसले. "तोटीतून थेंब पडतोय का तिच्या?"

"हो, पडतोय."

"अगं, किटली नव्हे ती, तेलाची बुधली! गाडी बाजूला घे. बंद कर. आधी बंद कर, मग बोल!"

अण्णांनी उभा जन्म मालाच्या ट्रकवर काढला होता. साखरेच्या दुखण्यानं आधी त्यांचे डोळे धरले आणि मग मूत्रपिंडं. आता त्यांना माणसं दिसत, रंग दिसत, पण अक्षरं आणि काटे दिसत नसत. ही गाडी त्यांच्या मुलानं, म्हणजे हिच्या नवऱ्यानं, जुनीच पण बऱ्या अवस्थेतली बघून घेतली होती, वडिलांची दवाखान्यात ने-आण करायला. तो जहाजावर नोकरीला. सुटीत येऊन त्यानं गाडी दारात उभी केली, बायकोच्या हातात किल्ली दिली आणि परत समुद्रावर निघून गेला. गाडीचं तेल अधूनमधून बघायचं असतं, हे त्यानं सांगितलं नव्हतं, तिनं विचारलं नव्हतं, आणि अण्णांना तर कुणी काही विचारतच नव्हतं.

"बॉनेट उघड," अण्णा खाली उतरून गाडीला टेकत म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"तुम्ही आत बसा ना. तुम्हाला चक्कर येईल."

"आली तर गाडीवरच पडेन. उघड. आता लगेच तेलाची पट्टी ओढू नकोस. जरा वेळ जाऊ दे. वरचं तेल खाली उतरू दे. जागा सपाट आहे ना?"

"सपाटच आहे."

दोघं उघड्या इंजिनासमोर मुकाट उभे राहिले. गरम पत्र्याचा वास येत होता. मग अण्णांनी सांगितलं तशी तिनं पिवळी कडी शोधली, तेल मोजायची लांब पट्टी ओढून काढली, फडक्यानं पुसली, परत पूर्ण आत घातली आणि पुन्हा काढली.

"काय दिसतंय?"

"पट्टी दिसतेय."

"पट्टीवर काय दिसतंय, बाई?"

"काहीच नाही. टोकाला जरासं काळं."

अण्णांनी चांगल्या हातानं कपाळ बडवलं. "कोरडीठाक! एवढ्यावर पळवत होतीस? इंजिन जाम झालं असतं म्हणजे बसली असतीस धरून."

"मला काय माहीत, अण्णा?"

"माहीत नसलं तर विचारावं माणसानं."

"कुणाला विचारायचं?" ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. अण्णांनी नुसतं रस्त्याच्या पुढच्या टोकाकडे तोंड केलं.

"चौकात स्पेअर पार्टचं दुकान आहे. टायरांचे ढीग लावलेत बघ बाहेर. ढीग दिसतात मला अजून. तिथून ट्वेंटी-फिफ्टी आण. जाड तेल. तो दुसरं काही गळ्यात मारायला बघेल, घ्यायचं नाही. गाडी जुनी आहे, तिला जाडच पाहिजे."

त्यांना आत बसवून, सगळ्या काचा खाली करून ती निघाली. दुकानात एक पोट सुटलेला माणूस गल्ल्यामागे बसून आपल्या चष्म्याची तुटलेली काडी चिकटवत होता. तिनं गाडी कोणती ते सांगितलं आणि ट्वेंटी-फिफ्टी मागितलं.

"पेट्रोलची ना? मग हे कशाला?"

"सासरे म्हणालेत."

"मेकॅनिक आहेत का सासरे?"

"ट्रकवर होते."

"मग बरोबर आहे त्यांचं," दुकानदार म्हणाला, "त्यांच्या ट्रकसाठी. या गाडीच्या इंजिनात फटी बारीक असतात. हिला पातळ लागतं. सकाळी चालू केल्या केल्या तेल वरपर्यंत पोचायला हवं, त्याशिवाय सगळं कोरडं घासतं. जाड घातलंत तर उद्याच काही बंद पडणार नाही, पण रोज थोडी थोडी झिजेल. माझ्यावर विश्वास ठेवू नका. बॉनेटमध्ये तेल ओतायचं झाकण असतं, त्यावर फाइव्ह-डब्ल्यू-थर्टी लिहिलेलं असेल, तेच हे पातळ. बघून या."

ती परत गाडीपर्यंत चालत आली. चपलेचा अंगठा ढिला झाला होता, पाय ओढत चालावं लागत होतं.

"आणलंस?" अण्णांनी विचारलं.

"दुकानदार झाकण बघून या म्हणाला."

"झाकण बघून काय करणार? जाड मागितलं की जाड द्यायचं, विषय संपला. एकेक उंटावरचा शहाणा भेटतो!"

झाकण काळं होतं, धुळीनं माखलेलं. तिनं पदरानं पुसलं. बुधलीचं तेच चित्र होतं आणि त्याखाली उठावाच्या अक्षरांत फाइव्ह-डब्ल्यू-थर्टी असं लिहिलं होतं. दुकानदार खोटं बोलत नव्हता. आता फक्त अण्णांना सांगायचं होतं.

तिनं त्यांच्याकडे बघितलं. ते सीटवर मागं रेलून छोटे छोटे श्वास घेत होते. आता हिनं "अण्णा, यावर पातळ लिहिलंय" म्हणायचं, मग त्यांनी आवाज चढवायचा, मग ट्रक, मग घाटातल्या हकिगती, मग "तुम्हाला सगळ्यांना जास्त कळतं", मग छातीत धडधड. आणि घरी पोचून स्वयंपाक व्हायचाच होता. नवऱ्यानं जाताना तिला एक युक्ती शिकवून ठेवली होती. "त्यांच्याशी वाद घालू नकोस. हो म्हणायचं आणि आपल्याला करायचं ते करायचं." युक्ती चालत होती. भाजीत मीठ आहे का, आहे की. या गोळ्या कसल्या, शक्तीच्या. याहून कितीतरी मोठ्या गोष्टीतही तीच युक्ती चालली होती.

"बरं अण्णा," ती म्हणाली, "जाडच आणते."

आणि ती पुन्हा दुकानात गेली आणि पातळ तेलाचा डबा घेऊन आली.

दुकानदारानं कापलेल्या बाटलीचं नरसाळंही दिलं होतं. "वेळ निभावून न्यायला आहे हे," तो म्हणाला होता. "चार दिवसांत जुनं सगळं काढून नवं भरा, फिल्टर बदला." तिनं नरसाळं झाकणाच्या भोकात खोचलं आणि डबा तिरका केला. तेल मधासारखं पिवळं, पण मधापेक्षा कितीतरी सरसर खाली गेलं. अण्णा परत खाली उतरून शेजारी येऊन उभे राहिले होते. "सगळं नको एकदम. निम्मं ओत, थांब, पट्टी बघ. कमी वाईट तसंच जास्तही वाईट." तिनं तसं केलं. दोन-तीनदा बघून पट्टीवरच्या खुणांच्या मधोमध तेल आलं, तेव्हा तिनं झाकण घट्ट लावलं आणि बॉनेट आपटायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून उरलेला डबा अण्णांच्या हातात दिला.

अण्णांनी डबा कानाजवळ नेऊन हलवला. डब्याच्या तोंडाला ओघळ आला होता, तो बोटावर घेतला आणि अंगठ्यानं चोळला. एकदा, दोनदा.

"ट्वेंटी-फिफ्टी ना?"

"हो."

"बरं," अण्णा म्हणाले आणि एकेक बोट पँटला पुसून गाडीत जाऊन बसले.

गाडी चालू केल्यावर लाल दिवा विझला. घर येईपर्यंत अण्णा जागे होते, पण बोलले नाहीत. तिला वाटलं, थकले असतील.

पुढचे दोन दिवस घरात विलक्षण शांतता होती. एरवी अण्णांचा दिवस तक्रारीनं उघडायचा. चहा अर्धाच कप का, पाण्याची बाटली खुणेपर्यंतच का भरली, पंखा आवाज करतो, शेजारच्यांचं दार आपटतं. आता ताटात पडेल ते खात होते. गोळी पुढं केली की तोंड उघडत होते. "पाणी हवं का अण्णा?" तर "तू देशील तेवढं." जेवण कसं झालंय, तर "छान." त्या बिनमिठाच्या दोडक्याला छान म्हणणारा माणूस तिनं उभ्या जन्मात बघितला नव्हता.

आधी तिला हायसं वाटलं. खोटं कशाला बोला, फार हायसं वाटलं. त्या दिवसांत तिनं कारखान्यात एका दमात बरेच पडदे उरकले. पण त्यातल्या दुसऱ्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा अण्णा पुढच्या खोलीत दिवा न लावता बसले होते. तिनं बटण दाबलं तरी त्यांनी मान वळवली नाही. एखाद्याच्या घरी पाहुणा म्हणून आलेला माणूस आपलं सामान आवरून, त्रास नको म्हणून कडेला बसून राहतो, तसे ते आपल्याच खाटेच्या कडेला बसले होते. काय झालं विचारावं असं तिला वाटलं. पण कुकर लावायचा होता. ती आत गेली.

उजाडल्यावर डायलिसिसला निघायची वेळ झाली तरी अण्णांनी बूट घातले नव्हते.

"चला अण्णा, उशीर होतोय."

"बस जरा."

"आल्यावर बसते. सिस्टर ओरडेल."

"ओरडू दे. बस."

ती किल्ली हातात घेऊनच खुर्चीच्या टोकावर टेकली.

"गाडीत कोणतं तेल घातलंस?"

"सांगितलं ना. तुम्ही म्हणालात तेच."

"पुन्हा विचारतो. कोणतं तेल घातलंस?"

तिनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते रागावलेले नव्हते. रागावलेले असते तर बरं झालं असतं, राग तिला हाताळता येत होता.

"पातळ," ती म्हणाली. "झाकणावर लिहिलंय ते. फाइव्ह-डब्ल्यू-थर्टी."

"मला तिथंच कळलं होतं. डोळे गेलेत, बोटं गेलेली नाहीत."

"मग बोलला का नाहीत?"

"तू पुन्हा खोटं बोलतेस का ते बघायचं होतं. बोललीस. आत्तासुद्धा आधी खोटंच बोललीस." ते थांबले. "झाकणावर लिहिलंय, हे तिथंच का नाही सांगितलंस?"

"भांडण झालं असतं."

"झालं असतं. मग?"

"मग काय अण्णा!" तिचा आवाज एकदम फाटला. "माझ्यात त्राण नव्हतं. अजूनही नाही. सकाळी उठते तीच दमलेली उठते. तुम्ही ओरडला असता, मी ऐकून घेतलं असतं, मग तुमचा जीव वरखाली झाला असता तर रस्त्यात मी एकटी काय करणार होते? हो म्हटलं की सुटते. म्हणून म्हटलं."

अण्णांनी आपल्या सुया टोचायच्या हाताकडे बघितलं. तिथं कातडीखाली, मशीनसाठी डॉक्टरांनी जोडलेली, रक्ताची शीर फुगलेली होती, बोट ठेवलं की थरथरायची.

"आता दुसरं विचारतो," ते म्हणाले. "ह्या मशीनचं. दोन-तीन महिने लागतील म्हणाला होतात तुम्ही दोघं. मूत्रपिंडांना जरा विश्रांती मिळाली की परत चालू होतील. तू म्हणालीस, तो म्हणाला. मी विचारलं की अजून थोडं, अजून थोडं. तेही तेलासारखंच का?"

किल्ली तिच्या मुठीत रुतत होती. हो म्हणावं की नाही म्हणावं, एवढाच प्रश्न होता, आणि तिला या घडीला खोटं रचायचाही कंटाळा आला होता.

"हो," ती म्हणाली. "ती चालू होणार नाहीत. डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं."

"म्हणजे कायमचं."

"कायमचं."

"कुणी ठरवलं मला सांगायचं नाही म्हणून? त्यानं?"

नवऱ्यावर ढकलता आलं असतं. तो होताही लांब. "आम्ही दोघांनी," ती म्हणाली. "तुम्ही हाय खाल, म्हणून."

"आणि मशीनला नाही गेलो तर?"

"अण्णा..."

"विचारलंय ते सांग."

"अंगात पाणी साठेल. श्वास लागेल. थोडे दिवस. फार नाही."

अण्णांनी मान हलवली. रस्ता विचारल्यावर कुणी नीट सांगितला की हलवावी, तशी. मग त्यांनी पाय वर घेतले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

"आज मी येत नाही."

तिनं समजूत काढली नाही. तिनं दवाखान्यात फोन लावला आणि, का कोण जाणे, आवाज मोठा करून फोन खाटेवर त्यांच्या उशीजवळ ठेवला.

"येत नाहीत म्हणजे?" सिस्टर करवादली. "सकाळची जागा मी दुसऱ्याला देतेय मग. चार वाजता एक रिकामी आहे, तेवढी धरून ठेवते. तेव्हाही आले नाहीत तर उद्या पाय सुजून, धापा टाकत येतील, सांगा त्यांना."

"ऐकतायत ते," ती म्हणाली.

"बरं," सिस्टरचा आवाज उतरला. "आजोबा, चार वाजता या." आणि फोन बंद झाला.

मग ती तिथंच खाटेला पाठ लावून जमिनीवर बसली. कारखान्यात कळवायचं राहिलं होतं, ओट्यावर दूध तसंच होतं. ती उठली नाही. मागून अण्णांच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि मध्येच तो आवाज बदलला. ते रडत होते. तिनं मागं वळून बघितलं नाही. थोड्या वेळानं तिचेही डोळे वाहायला लागले, पण ते दुःखानं की दमल्यामुळं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

ऊन खिडकीतून फरशीवर आलं तेव्हा अण्णा उठून बसले. नाक शिंकरलं. म्हणाले, "त्या गाडीचं तेल बदलायला पाहिजे. तू वरून नवं ओतलंस, खाली काळं घाण तसंच आहे."

"करू सवडीनं."

"सवड आजच आहे. मला कुठं जायचंय?"

ती हसली की हुंदका आला, कळलं नाही. पण उठली.

गॅरेज दोन गल्ल्या सोडून होतं. मिस्त्री एका गाडीखालून पाय बाहेर काढून पडला होता. सगळी हकिगत ऐकून तो बाहेर आला आणि हात पुसत त्यानं विचारलं, "कोणतं भरायचं?"

"जाड," अण्णा म्हणाले.

"पातळ," ती म्हणाली.

मिस्त्रीनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "तुमचं आधी ठरवा. तोवर मी जुनं काढतो."

त्यानं इंजिनाखाली घमेलं सरकवलं, खालचा नट सोडला. डांबरासारखं काळं तेल धार धरून पडायला लागलं. अण्णा वाकून ऐकत होते. "ह्याचं बरंय," ते म्हणाले. "नट फिरवला की मोकळं."

"अण्णा, हात द्या इकडं." तिनं तेलाचं झाकण काढून आणलं होतं. त्यांचा अंगठा धरून तिनं उठावाच्या अक्षरांवर ठेवला. अण्णांनी अंगठा सावकाश फिरवला, मग उलटा फिरवून पुन्हा वाचलं.

"पाच. मग हा डब्ल्यू. तीस." त्यांनी झाकण तिच्या हातात कोंबलं. "तीस! पाण्याला नुसता रंग दिलाय. आम्ही घाटात माल चढवायचो तेव्हा असलं तेल घालणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. जुन्या इंजिनाला जाड तेल म्हणजे आधार असतो. लिहिणाऱ्याचं काय जातंय?"

"ज्यानं इंजिन बनवलं त्यानंच लिहिलंय."

"बनवणारे चालवत नाहीत!"

"चालवते मी," ती म्हणाली. "तुमच्या ट्रकला जाड लागत असेल अण्णा, नाही म्हणत नाही. पण ही ट्रक नाही. ही तुम्हाला दवाखान्यात न्यायची गाडी आहे, थंडीत सकाळी एका किल्लीत चालू व्हायला हवी, आणि ती मी चालवते. तुम्ही हवं तेवढं ओरडा. हिच्यात पातळच जाणार."

तिचे कान तापले होते. सासऱ्याशी, तेही चारचौघांत, असं ती कधी बोलली नव्हती. मिस्त्री घमेल्यात बघत होता, जसं काही त्यात मासे होते.

अण्णांनी हनुवटी खाजवली.

"आवाज यायला लागला तर मी बोलणार," ते म्हणाले.

"बोला."

"रोज बोलणार."

"बोला ना."

"भर रे पातळ," अण्णा मिस्त्रीला म्हणाले. "आणि फिल्टर बदलल्याशिवाय भरशील तर बघ."

मिस्त्रीनं फिल्टर बदलला, नट आवळला, नवं तेल भरलं, गाडी थोडा वेळ चालू ठेवून बंद केली. या वेळी पट्टी कधी ओढायची हे तिला कुणी सांगितलं नाही. ती थांबली, ओढली, पुसली, पुन्हा घातली.

"वरच्या खुणेच्या जरा खाली आहे."

"तेवढंच हवं," अण्णा म्हणाले. "चल."

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिनं गाडी थांबवली. डावीकडे घर, उजवीकडे दवाखान्याचा रस्ता. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. तिनं विचारलं नाही. विचारायची भीती वाटत होती.

"चारची जागा म्हणाली ना ती?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"मग उभी काय राहिलीस?"

तिनं गाडी उजवीकडे वळवली. बराच रस्ता गेल्यावर ते म्हणाले, "त्याचा फोन आला की मला दे. तुम्ही काय ठरवलं होतं ते मला माहीत झालंय, एवढं मीच सांगतो. तू मध्ये पडू नकोस." आणि थोड्या वेळानं, "आज जातोय म्हणजे नेहमी जाईनच असं नाही. एखाद्या दिवशी नाही म्हणेन."

"मग तेव्हा बोलू," ती म्हणाली. खोटा दिलासा तिनं दिला नाही.

दवाखान्यात सिस्टर बोलायच्या तयारीत होती, पण त्याआधीच अण्णांनी खुर्चीत बसता बसता तिला फैलावर घेतलं. आज किती पाणी काढणार, ही नळी कुठली, ती कुठली, ही पिवळी गोळी कशाची, आणि "शक्तीची" म्हणालीस तर याद राख. सिस्टरनं त्यांच्या सुनेकडे बघितलं. तिनं मान हलवली. मग सिस्टर स्टूल ओढून शेजारी बसली आणि सुई लावता लावता एकेक सांगायला लागली. अण्णा मध्येच डोळे मिटून घेत, पुन्हा उघडत. काही गोष्टी त्यांना झेपत नव्हत्या, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण त्यांनी तिला थांबवलं नाही.

मशीन सुरू झाल्यावर सून नेहमीसारखी बाहेरच्या बाकावर जायला निघाली.

"अगं ए," अण्णांनी हाक मारली. "त्या बाकावर बसून काय करतेस एवढा वेळ?"

"काही नाही. बसते."

"घरी जा. झोप जरा."

"घरी जाऊन परत यायचं म्हणजे तेवढीच फेरी. गाडीतच पडते."

"काच थोडी खाली ठेव," अण्णा म्हणाले. "बंद गाडीत गुदमरायला होतं."

तिनं गाडी आवारातल्या भिंतीच्या सावलीत नेली, काच थोडी खाली केली आणि सीट मागं पाडली. उद्या कारखान्यात गेल्यावर मालकिणीला काय सांगायचं ते ती जुळवायला लागली. खरं तेच सांगावं, आठवड्यातले एवढे दिवस जमतं, एवढे नाही, ठेवायचं तर ठेवा. वाक्य बरं जमत होतं. ते पुरं व्हायच्या आत तिला झोप लागली.